चाकातून घुंऽऽ येतंय: जुन्या गाडीचं व्हील बेअरिंग बदलायचं की थांबायचं?

सोलापुरात जुनी गाडी पहिल्यांदाच घेतलेल्या माणसाला हा आवाज बहुधा पुणे हायवेवर भेटतो. बाळे सुटलं, केगावचं विद्यापीठ मागं पडलं, काचा वर केल्या आणि काटा साठवर गेला की खालून कुठून तरी एकसुरी घुंऽऽ सुरू होतं. वेग वाढवला की चढतं, पाय काढला की उतरतं. सात रस्त्यापासून आसरा चौकापर्यंत रोज जा-ये करणाऱ्याला ते महिनोन्‌महिने कळत नाही, कारण तेवढा वेगच तिथं मिळत नाही.

मग गॅरेज. मेस्त्री एक चक्कर मारून येतात आणि सांगतात, "मालक, बेअरिंग आवाज करलालंय." बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असतं. अडचण पुढच्या प्रश्नाला येते: कुठल्या चाकाचं? हा प्रश्न न सुटता काम सुरू झालं की पैसे जातात आणि आवाज राहतो. माझ्या जुन्या हॅचबॅकचं असंच झालं. गाडी १ लाख १० हजार किलोमीटर चाललेली. एका गॅरेजमध्ये आधी पुढचं डावं बेअरिंग बदललं, आवाज तसाच. आठ दिवसांनी पुढचं उजवं बदललं, तरी तसाच. शेवटी दुसऱ्या एका मेस्त्रींनी मागच्या टायरवरून तळहात फिरवला आणि म्हणाले, "हे बघा, लाटा पडल्यात." मागचे शॉकअप बसले होते, त्यानं टायर खाल्ला होता, आणि आवाज टायरचा होता. दोन धडधाकट बेअरिंगं मी त्या महिन्यात भंगारात टाकली. म्हणून या लेखात बदलायचं कसं यापेक्षा ठरवायचं कसं यावर जास्त लिहिलं आहे. आधी चाक ठरवा, मग बेअरिंगचा विचार करा.

बेअरिंग म्हणजे नक्की काय बिघडतं

चाक हबवर, म्हणजे मधल्या गोल आधारावर, बसतं आणि हब बेअरिंगमध्ये फिरतो. बेअरिंगला एक आतली कडी, एक बाहेरची कडी आणि मध्ये पोलादी गोळ्या किंवा रोलर. गाडीचं सगळं वजन, वळणावरचा जोर, खड्ड्याचा दणका त्या गोळ्या आपल्या अंगावर घेतात. दोन्ही कडांना सील असतं, आत ग्रीस असतं. आतला पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत असतो तोवर आवाज येत नाही. त्यावर एक बारीक खळगा पडला, की प्रत्येक गोळी तिथून जाताना ठेचकाळते. चाक मिनिटाला शेकडो वेळा फिरतं, त्या ठेचा एकमेकींत मिसळतात आणि आपल्या कानाला घुंऽऽ ऐकू येतं.

खळगा पडण्याची कारणं मोजकीच आहेत. ग्रीस संपणं किंवा सुकणं, सीलमधून पाणी-धूळ शिरणं, जोराचा दणका, आणि चुकीच्या पद्धतीनं ठोकून बसवणं. आपल्या भागात यातली पहिली तीन जागेवरच मिळतात. मार्च ते मे चाळिशीच्या वरचा उन्हाळा, कोरडी मातकट हवा, आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी खचवलेले गावाकडचे रस्ते. त्यात पाण्याचं कारण लोक विसरतात. २०२५च्या सप्टेंबरात सीनेला महापूर आला, मोहोळ-माढा भागात गावांत पाणी शिरलं. ज्यांच्या गाड्या हबपर्यंत पाण्यात उभ्या राहिल्या किंवा पाण्यातून काढाव्या लागल्या, त्यांनी पुढचे काही महिने कान उघडे ठेवायला हवेत. पळून तापलेला हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि थकलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ते पाणी लगेच त्रास देत नाही. आत गंजाचे ठिपके पडतात, आणि आवाज नंतर कधीतरी सुरू होतो.

चांगलं बेअरिंग किती चालतं? लाख-दीड लाख किलोमीटर सहज, नीट वापरलेल्या गाडीत त्याहून जास्त. म्हणजे नुसता आकडा बघून बदलायची ही वस्तू नाही. तेल, फिल्टर, टायमिंग बेल्ट यांना ठरलेली मुदत असते, बेअरिंगला नसते. आवाज नाही, प्ले (म्हणजे चाकाचा ढिलेपणा) नाही, तर दीड लाख झालेल्या गाडीचंही बेअरिंग सोडून द्या. "गाडी जुनी आहे, चारही करून टाकू" असं कुणी म्हटलं तर नम्रपणे नको म्हणा.

पहिली पायरी: रस्त्यावरची चाचणी

पहाटेची वेळ घ्या. रहदारी कमी असते आणि रस्ता थंड असतो. पुणे रोडचा किंवा विजापूर रोडचा चौपदरी पट्टा बरा. टायरमध्ये हवा बरोबर भरा, डिकीतला जॅक, पाना, पाण्याचे कॅन, सगळं खडखडणारं सामान घरी ठेवा. रेडिओ आणि एसी बंद. शक्यतो कुणाला तरी सोबत घ्या, एक जण चालवेल आणि एक जण मागच्या सीटवर बसून ऐकेल. पुढं बसून मागचा आवाज ओळखणं फार अवघड असतं.

साठ-सत्तरच्या वेगात आवाज स्पष्ट झाला की मागं कुणी नाही हे पाहून गाडी न्यूट्रल करा आणि तशीच जाऊ द्या. किल्ली बंद करायची नाही. स्टिअरिंग आणि ब्रेकची ताकद इंजिनवर असते, आणि काही गाड्यांत स्टिअरिंग लॉक होतं. न्यूट्रलमध्येही आवाज तसाच राहिला आणि वेगाबरोबर उतरत गेला, तर तो इंजिनाचा नाही. चाक, टायर किंवा बेअरिंग यांच्यापैकी कुणाचा तरी आहे. क्लच दाबल्यावर बदलणारा किंवा एखाद्याच गिअरमध्ये येणारा आवाज गिअरबॉक्सकडं बोट दाखवतो. तो विषय वेगळा आहे आणि खर्चही वेगळा.

आता वळणं. रस्ता पूर्ण मोकळा असेल तर त्याच वेगात गाडी हलकेच डावीकडं, मग उजवीकडं झुलवा. लेन न सोडता, नागमोडी, सावकाश. डावीकडं वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर येतो, उजवीकडं वळताना डाव्या. म्हणून डावीकडं वळवल्यावर आवाज वाढला तर संशय उजव्या बाजूवर घ्या, आणि उजवीकडं वळवल्यावर वाढला तर डाव्या बाजूवर. ज्यांना हायवेवर हे धाडस नको वाटतं त्यांना तुळजापूरचा घाट चांगला. तिथं वळणं आपोआप मिळतात, फक्त वेग बेतानं ठेवा. ही खूण उपयोगी आहे, पण तिच्यावर एकटीवर निकाल देऊ नका. बेअरिंगमध्ये गोळ्यांच्या दोन ओळी असतात. कुठली ओळ खराब आहे त्यावर हा हिशोब कधी कधी उलटाही फिरतो.

ब्रेक हलका दाबूनही पाहा. ब्रेक लावताच आवाज थांबला किंवा बदलला, तर पॅड, ड्रम, किंवा डिस्कच्या मागच्या पत्र्याचा संशय घ्या. त्या पत्र्यात खडा अडकला तरी किरकिर येते आणि माणूस बेअरिंग बदलायला धावतो. पूर्ण स्टिअरिंग वळवून हळू जाताना टकटक येत असेल तर ती ड्राइव्ह शाफ्टच्या (गिअरबॉक्समधून चाकाला फिरवणाऱ्या दांड्याच्या) जॉइंटची खूण आहे, बेअरिंगची नाही.

दुसरी पायरी: टायरला निर्दोष ठरवा

सगळ्यात जास्त फसगत इथं होते, म्हणून ही पायरी गाळू नका.

टायरचा आवाज रस्त्याप्रमाणं बदलतो. डांबरावरून काँक्रीटवर गेलात, नव्या गुळगुळीत पट्ट्यावर आलात, की टायरची सुरावट बदलते. बेअरिंगला रस्त्याशी देणंघेणं नाही, ते दोन्हीवर सारखंच घुमतं. गावातले काँक्रीटचे रस्ते आणि बाहेरचं डांबर, हा फरक सोलापुरात आयताच मिळतो.

मग गाडी उभी करून प्रत्येक टायरवरून तळहात फिरवा, आधी एका दिशेनं, मग उलट. एका दिशेनं गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेनं करवतीसारखं लागलं, किंवा उंचवटे-खोलगे जाणवले, तर टायरच बोलत असण्याची शक्यता मोठी. शॉकअप गेलेले असले किंवा अलाइनमेंट बिघडलेली असली की असं होतं. टायरचं वयही बघा. टायरच्या बाजूला लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. आपल्या उन्हात सात-आठ वर्षांचा टायर दगडासारखा कडक होतो. नक्षी शिल्लक असली तरी तो गुणगुणतो. जुनी गाडी घेणारे किलोमीटर विचारतात, टायरचं साल विचारत नाहीत.

तरीही शंका उरली तर पुढचे टायर मागं आणि मागचे पुढं टाका, त्याच बाजूला, म्हणजे दिशा असलेले टायर उलटे बसणार नाहीत. टायरवाला हे थोड्या पैशांत करून देतो. परत त्याच रस्त्यावर फिरा. आवाजाची जागा बदलली तर दोष टायरचा. काहीच बदललं नाही तर आता बेअरिंगकडं वळायला हरकत नाही. ही चाचणी मी पहिल्याच दिवशी केली असती तर दोन बेअरिंगं वाचली असती.

तिसरी पायरी: चाक उचलून

ही घरी करता येते, पण जॅक नीट लावता येत असेल तरच. गाडी सपाट आणि टणक जागेवर हवी. आपल्या काळ्या मातीत जॅक रुततो, आणि मे महिन्यात दुपारचं डांबरही इतकं मऊ असतं की जॅकचा तळ आत जातो. खाली जाड फळी घाला. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात-पाय घालायचे नाहीत. स्टँड लावूनच काम करा.

पुढचं चाक उचलताना हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा आणि गिअर न्यूट्रल ठेवा. मागचं चाक उचलताना हँडब्रेक सोडावा लागतो, नाहीतर चाक फिरणार नाही. म्हणून आधी गाडी पहिल्या गिअरमध्ये घाला आणि पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. हे पुढून ओढणाऱ्या गाड्यांसाठी आहे, आणि आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या तशाच असतात.

आता चाक हलवून पाहायचं. घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी दोन हात ठेवून चाक आत-बाहेर ढकला. मग तीन आणि नऊच्या जागी. निरोगी चाक अजिबात हलत नाही. दोन्ही जागी टक्क असा प्ले जाणवला तर बेअरिंगवर दाट संशय. फक्त तीन-नऊला जाणवला तर बहुधा स्टिअरिंगचा टाय रॉड एंड. फक्त बारा-सहाला जाणवला तर बेअरिंगही असेल किंवा बॉल जॉइंटही (चाक सस्पेन्शनला जोडणारा सांधा). ते वेगळं करायला एक साधी युक्ती आहे. आत कुणाला तरी बसवून ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक चाकाला आणि नकलला (बेअरिंग ज्यात बसतं त्या न फिरणाऱ्या भागाला) एकत्र धरतो, मधलं बेअरिंग त्यातून बाजूला पडतं. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर तो बेअरिंगचा होता. राहिला तर पलीकडच्या जॉइंटचा.

प्ले नसला म्हणजे बेअरिंग चांगलं, असा अर्थ मात्र काढू नका. आजकालच्या बंद बेअरिंगांमध्ये आवाज आधी सुरू होतो, प्ले बराच उशिरा येतो. म्हणून पुढची चाचणी: एका हातानं शॉकअपची स्प्रिंग धरा आणि दुसऱ्या हातानं चाक जोरात फिरवा. कापड नाही, गळ्यातला पंचा नाही, लांब बाही नाही, आणि बोटं स्प्रिंगच्या वरच्या वेढ्यावर, चाकापासून लांब. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना कळते. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना करून फरक बघा. मला या चाचणीवर सगळ्यात जास्त विश्वास आहे. कान फसतो, पण स्प्रिंग धरलेला हात सहसा फसत नाही. मागच्या चाकाला स्प्रिंग हाताशी येत नसेल तर चाक सावकाश फिरवून ऐका. सुका घरघराट किंवा अडखळणं पुरेसं बोलतं. पुढचं चाक ड्राइव्ह शाफ्टमुळं थोडं जड फिरतं, ते दोष समजू नका.

उष्णतेचीही एक खूण आहे. वीस-पंचवीस किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरून जा, थांबा, आणि चाकाच्या मध्याजवळ हाताची मागची बाजू न्या. डिस्कला हात लावू नका, भाजेल. पुढचं डावं पुढच्या उजव्याशी आणि मागचं मागच्याशी ताडून पाहा. एकच हब ठळक गरम असेल तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक, दोन्हीपैकी काहीतरी आहे. दुपारी हे करू नका. आपल्याकडं उन्हाच्या बाजूची चाकं एरवीही तापलेली असतात.

आता निर्णय

प्ले सापडला असेल तर गाडी थांबवा. अक्कलकोटला दर्शनाला जाऊन आल्यावर बघू, पंढरपूरची वारी झाल्यावर करू, असं म्हणू नका. प्ले असलेलं बेअरिंग डिस्कला डगमगवतं, ब्रेकचा पेडल खोल जाऊ लागतो, टायर खातं, आणि अखेरीला जॅम होऊ शकतं किंवा चाक जागेवरून हलू शकतं. गॅरेज जवळ असेल तर वीस-तीसच्या वेगात नेता येईल. लांब असेल तर उचलून न्या. यात मी कधीही सूट देत नाही, गाडी विकायला काढलेली असली तरी.

आवाज आहे, स्प्रिंगवर खरखर कळते, पण प्ले नाही, असं असेल तर थोडा वेळ आहे. आठवडा-दोन आठवड्यांत काम लावा, तोवर गावातल्या गावात चालवा. पाच-सहा जणांना भरून तुळजापूर किंवा पुण्याची फेरी मात्र नको. भरलेल्या गाडीत मागच्या बेअरिंगांवरचा भार किती वाढतो याची कल्पना चालवणाऱ्याला येत नाही.

आवाज अगदी बारीक आहे, कधी वाटतो कधी नाही, आणि चाक ठरत नाही, अशा वेळी बदलू नका. वहीत तारीख आणि किलोमीटर लिहा, ५०० किलोमीटरनं त्याच रस्त्यावर, त्याच वेगात पुन्हा ऐका. बेअरिंग खरंच जात असेल तर ते वाढतच जातं, कधी बरं होत नाही. टायरचा आवाज मात्र महिनोन्‌महिने तसाच राहू शकतो.

जोडीनं बदलायचं का, हे सगळे विचारतात. ब्रेक पॅड जोडीनं बदलतात म्हणून हेही जोडीनं, असं नाही. एका बाजूचं नवं आणि दुसऱ्या बाजूचं जुनं बेअरिंग असल्यानं गाडी ओढत नाही. चांगलं असेल ते राहू द्या. अपवाद पाण्याचा. चारही चाकं सारखीच पाण्यात गेली असतील आणि एकात गंज निघाला, तर बाकीच्या तिन्ही चाकांची चाचणी पुन्हा मन लावून करा.

जुन्या गाडीवर हा खर्च करावा का? छोट्या गाडीचं पुढचं बेअरिंग, काढण्या-बसवण्यासह, साधारण दोन-तीन हजारांत होतं. मोठ्या गाडीला आणि पूर्ण हबसकट येणाऱ्या नमुन्याला जास्त लागतात. एमएच-१३ची आपली गाडी १५ वर्षांच्या पुढं गेली असेल तर नोंदणी नूतनीकरणाची फी २०२२च्या एप्रिलपासून मोटारीला ५,००० रुपये आहे, आणि २० वर्षांवरच्या मोटारीला २०२५च्या ऑगस्टपासून १०,००० रुपये. त्या हिशोबात बेअरिंगचा खर्च लहान आहे. गाडीचा तळ गंजला असेल, इंजिन तेल पीत असेल, तर विचार वेगळा करा. नुसत्या बेअरिंगसाठी गाडी मोडीत काढू नका.

माल घेताना

गाडी कुठल्या प्रकारची आहे ते आधी मेस्त्रींना विचारा. तीन प्रकार जास्त दिसतात. एक, नकलमध्ये प्रेसनं दाबून बसवलेलं दुहेरी ओळीचं बंद बेअरिंग. बहुतेक हॅचबॅकच्या पुढच्या चाकांत हेच असतं. दोन, हबसकट बोल्टनं लागणारं युनिट, जे अख्खं बदलतात. तीन, जुन्या पद्धतीचं, ड्रममध्ये आत-बाहेर दोन बेअरिंगं, मध्ये ग्रीस आणि वर स्प्लिट पिन.

एसकेएफ, एनबीसी, फॅग, टिमकेन, एनटीएन ही बाजारातली माहीत असलेली नावं. एनबीसी हे जयपूरच्या नॅशनल इंजिनीअरिंग इंडस्ट्रीजचं. डबा हुबेहूब असलेला बनावट माल याच नावांनी विकला जातो, म्हणून पक्कं बिल मागा आणि अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. फार स्वस्त मिळालं तर घेऊ नका.

यंत्रमागांच्या या गावात बेअरिंगच्या दुकानांना तोटा नाही, आणि तिथूनच एक चूक सुरू होते. तिसऱ्या प्रकारात साधी गोळ्यांची बेअरिंगं असतील तर त्यांच्यावर ६२०५ असा आकडा असतो. शेवटचे दोन आकडे ०४ किंवा त्यापुढचे असतील तर त्यांना पाचनं गुणा, आतलं भोक मिळतं: ०५ म्हणजे २५ मिलिमीटर. ६२०५ची बाहेरची गोलाई ५२ आणि जाडी १५. मागाचं ६२०५ आणि गाडीचं ६२०५ मापानं एकच, पण आकड्यापुढची अक्षरं वेगळी असू शकतात. टू-आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, झेडझेड म्हणजे पत्र्याचं झाकण, सी-३ म्हणजे आत नेहमीपेक्षा जास्त मोकळीक. जुन्या बेअरिंगवरचा पूर्ण क्रमांक, अक्षरांसकट, मोबाइलमध्ये फोटो काढून न्या आणि तेच मागा. बेअरिंगबरोबर सील, लॉक रिंग आणि एक्सलचा नट नवा घ्या. हा नट ठोकून बंद करायचा असतो, जुना पुन्हा वापरायचा नसतो.

काम होताना उभे राहा

नव्या माणसाला संकोच वाटतो, तरीही उभे राहा. चांगला मेस्त्री हरकत घेत नाही.

प्रेसचं बेअरिंग हातोड्यानं बसवू देऊ नका. ज्या गॅरेजकडं प्रेस नसते ते नकल काढून लेथवाल्याकडं किंवा एमआयडीसीच्या वर्कशॉपमध्ये पाठवतात, ते योग्य आहे. नियम एकच: नकलमध्ये बेअरिंग घालताना जोर बाहेरच्या कडीवर, आणि बेअरिंगमध्ये हब घालताना आतल्या कडीला खालून आधार. उलट केलं की सगळा दाब गोळ्यांमधून जातो, आत बारीक खळगे पडतात, आणि नवं बेअरिंग पहिल्या महिन्यातच घुमू लागतं. "नवं टाकलं तरी आवाज" या तक्रारींचं मूळ मला बहुतेक वेळा इथंच सापडलं आहे.

हब बाहेर काढताना जुन्या बेअरिंगची अर्धी कडी बहुधा हबवरच अडकून येते. ती ग्राइंडरनं कापतात. हबच्या दांड्यावर खोल चीर पडली असेल किंवा तो झिजून सैल झाला असेल तर हबही बदला. आणि एकदा हब निघाला की ते बेअरिंग गेलंच म्हणून समजा, परत बसवू देऊ नका. दुसऱ्या कुठल्या कामासाठी हब काढावा लागणार असेल तर हे आधीच हिशोबात धरा.

एबीएस (जोराच्या ब्रेकला चाक जॅम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत बऱ्याचदा बेअरिंगच्या एका सीलमध्ये चुंबकी कडी असते. ती सेन्सरच्याच बाजूला यायला हवी. उलटं बसलं की एबीएसचा दिवा लागतो आणि सगळं काम परत करावं लागतं. २०१९च्या एप्रिलपासून सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे. त्याआधीच्या गाडीत आहे की नाही ते चावी फिरवून डॅशबोर्डवर पाहा.

नट टॉर्क रेंचनंच, म्हणजे ठरलेल्या जोरावर आवळणाऱ्या पान्यानंच, आवळायला सांगा. छोट्या गाड्यांत तो साधारण १५० ते २५० न्यूटन-मीटर असतो, नेमका आकडा गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये मिळतो. सैल राहिला तर बेअरिंगच्या दोन आतल्या कड्या एकमेकींना भिडत नाहीत आणि ते लवकर मरतं. नट आवळण्याआधी चाकावर वजन देऊन गाडी ढकलूही नका.

जुन्या ड्रमच्या गाड्यांत टेपर (निमुळते) रोलर असतील तर उलट काळजी. चाक फिरवत नट आवळायचा, मग सैल सोडायचा, मग हातानं लागेल एवढाच आणि स्प्लिट पिन नवी. जास्त आवळलं तर तापून जळतं. ग्रीस तळहातावर घेऊन रोलरांमध्ये दाबून भरायचं, वरून नुसतं फासायचं नाही. बंद बेअरिंगमध्ये मात्र "थोडं ग्रीस मारून देतो" याला सरळ नाही म्हणा. त्यात आयुष्यभराचं ग्रीस कारखान्यातच भरलेलं असतं, आणि आवाज करणारं बेअरिंग ग्रीसनं नीट होत नाही.

नकल शॉकअपपासून सोडवला असेल तर शेवटी व्हील अलाइनमेंट करून घ्या. बोल्टच्या जागा किंचित सरकल्या तरी नवा टायर एका बाजूनं खाल्ला जातो. पुढं गाडी धुताना वॉशिंगवाल्याला सांगा, प्रेशरची धार हबच्या सीलवर जवळून मारू नको.

काम झालं की त्याच रस्त्यावर त्याच वेगात फिरून या, आणि शंभर किलोमीटरनंतर चाक एकदा उचलून प्ले पाहा. जुनं बेअरिंग मागून घ्या, फेकू देऊ नका. कापडानं पुसून आतल्या कडीवर नखं फिरवा. तांबूस ठिपके असतील तर पाणी शिरलं होतं, बाकीच्या तीन चाकांकडं लक्ष ठेवा. एकाच जागी पापुद्रा सुटलेला असेल तर ते आपलं आयुष्य जगून गेलं. गोळ्यांच्या अंतरानं सारखे खळगे दिसले तर कधीतरी खड्ड्यात जोराचा दणका बसला होता किंवा आधी कुणीतरी ठोकून बसवलं होतं. अशा वेळी त्याच बाजूचा रिम वाकला आहे का, तेही टायरवाल्याकडं बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून बघा.